वडिलोपार्जित घर : ठेवायचं की विकायचं?

प्रश्न : राजापूर तालुक्यात आजोबांचं चिऱ्याचं घर आणि थोडी जमीन आहे. आजोबा आणि वडील दोघंही गेले, पण सातबारावर अजून आजोबांचंच नाव आहे. घर बंद असतं. चुलतभाऊ म्हणतात, गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू. दोन आत्या आहेत, त्यांना विचारावं लागेल का?

हो, आणि सगळ्यात आधी त्यांनाच विचारा. मालमत्ता आजोबांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलींचा वाटा मुलांइतका आहे. वडिलोपार्जित असेल तर त्याच कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आहे. त्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. आत्यांच्या सह्या नसलेला व्यवहार पुढे कोर्टात अडकतो. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, फेरफार मंजूर होऊ द्या, मग गिऱ्हाइकाशी बोला. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. त्याच्या भरवशावर इसार घेऊ नका.

आता ठेवण्याबद्दल. कुलूप लावून सोडलेलं घर 'ठेवलं' असं मी मानत नाही. जूनमध्ये एक कौल सरकतं, वाशावर पाणी ठिबकायला लागतं, ओल भिंतीत उतरते, वाळवी चढते. असे काही पावसाळे गेले की आढंच खचतं. म्हणून सगळ्या भावंडांना बसवून विचारा : दर मे महिन्यात कौलं परतून घ्यायला कोण जाणार आणि पैसे कोण देणार? एक नाव पुढे आलं तर जरूर ठेवा. नाहीच आलं, तर ज्याला घराची ओढ आहे त्याला बाकीच्यांचे हिस्से आजच्या भावाने घेऊ द्या. बाहेरच्याच्या आधी सहवारसाला विचारावं, हे कायद्यालाही मान्य आहे.

आणखी एक, कळकळीने सांगतो. घर विकलं तरी सगळी शेतजमीन एकदम विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. शेवटचा सातबारा गेला की पुढच्या पिढीला तो दरवाजा बंद होतो.

प्रश्न : वडिलांनी 1988 मध्ये घेतलेला डोंबिवलीचा फ्लॅट विकतोय. नॉमिनी मी आहे. कर किती?

आधी नॉमिनीचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीचे वारस असतील तर त्यांचं हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. वारशाने घर मिळाल्यावर कर नाही, विकल्यावर नफ्यावर आहे. 2001 च्या आधीच्या खरेदीला 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, तेव्हा नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. तुम्ही भारतात राहत असाल तर 12.5 टक्के, किंवा ती जुनी किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून उरलेल्या नफ्यावर 20 टक्के, यांत जे कमी पडेल ते. दोन वर्षांत दुसरं घर घेतलंत तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर सूट मिळते. हिशेब सीएकडून विक्रीआधी करून घ्या.

प्रश्न : वडील सहा महिन्यांपूर्वी गेले. आई कराडला एकटी असते. आम्ही दोघं भाऊ पुण्यात. घर विकून तिला इकडे आणायचंय, पण ती नुसतं 'बघू' म्हणते.

ते 'बघू' म्हणजे नकार आहे, तसाच घ्या. मृत्युपत्र नसेल तर आई तुमच्याइतकीच वारस आहे, तिच्या सहीशिवाय घर विकता येणार नाही. पण सही मागितली तर ती देईल, आणि मला भीती त्याचीच वाटते. निदान वर्षश्राद्ध होईपर्यंत विषय काढू नका. तिला महिना-दोन महिने पुण्यात राहू द्या, परत जावंसं वाटलं तर जाऊ द्या. पुढे तिनेच विकायचं म्हटलं, तर तिच्या हिश्शाची रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात जमा करा. आईचा वाटा मुलांच्या गृहकर्जात जिरतो आणि मग औषधासाठीही तिला मागावं लागतं, हे मी फार घरांत पाहतो. तिच्या पैशातून पुण्यात घर घेतलंत, तर खरेदीखतावर पहिलं नाव तिचं घाला.