वीस जणांचं संमेलन

प्रश्न : एका ठिकाणी वाचलं की जगातलं पहिलं सायन्स फिक्शन फॅन संमेलन इंग्लंडमध्ये भरलं, दुसरीकडे लिहिलंय अमेरिकेत. नक्की काय? आणि एवढं जमून ही मंडळी करायची काय?
– एक वाचक

उत्तर : हे भांडण जुनंच आहे आणि अजून मिटलेलं नाही. अमेरिकेचं म्हणणं असं की ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कचे पाच-सहा फॅन ट्रेननी फिलाडेल्फियाला गेले, तिथल्या पोरांच्या घरी बसले, गप्पा झाल्या, आणि ह्यालाच कन्व्हेन्शन म्हणायचं असं ठरवून टाकलं. मला विचाराल तर ही मित्रांच्या घरची चक्कर झाली. ३ जानेवारी १९३७, रविवार, इंग्लंडमधलं लीड्स शहर, तिथला थिऑसॉफिकल हॉल, हे मात्र रीतसर होतं. आधी तारीख ठरली, हॉल घेतला, बाहेरगावच्यांना कळवलं, भाषणं झाली, आणि उठताना सायन्स फिक्शन असोसिएशन नावाची देशभराची संस्था काढायचंही ठरलं. त्यामुळे माझं मत लीड्सला.

संमेलन म्हटलं की डोळ्यासमोर हजारभर माणसं येतात ना, इथे जेमतेम वीस होती! त्यात लिव्हरपूलहून आलेला लेखक एरिक फ्रँक रसेल होता, लंडनहून वॉल्टर गिलिंग्ज आणि टेड कार्नेल हे फॅन, आणि सोबत सरकारी ऑडिट खात्यात कारकुनी करणारा १९ वर्षांचा एक मुलगा, आर्थर क्लार्क. हो, तेच पुढे जगप्रसिद्ध झालेले लेखक आर्थर सी. क्लार्क, पण तेव्हा त्यांना ओळखणारं ह्या वीस जणांपलीकडे फारसं कोणी नव्हतं.

आणि लीड्सच का, तर अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक ह्या संपादकानी १९३४ ला आपल्या मासिकाचा खप वाढावा म्हणून सायन्स फिक्शन लीग ही चाहत्यांची संघटना काढली, तिच्या शाखा ब्रिटनमध्येही गावोगावी निघाल्या, लीड्सची शाखा त्यातलीच एक आणि पोरं भलतीच उत्साही. वाचायला असायची ती अमेरिकन पल्प मासिकं, म्हणजे हलक्या कागदावरची स्वस्त मासिकं, वूलवर्थच्या दुकानात ३ पेन्सला ढिगाने पडलेली, ह्या महिन्याचा अंक मिळाला तर पुढचा मिळेलच असं नाही. म्हणजे कथेचा पहिला भाग हातात आणि शेवट कुठेतरी दुसऱ्या गावातल्या अनोळखी माणसाकडे. मग त्या माणसाला पत्र लिहायचं, पत्रावरून मैत्री, आणि एक दिवस वाटणारच की बाबा हा दिसतो तरी कसा ते बघू.

करायचे काय म्हणाल तर बोलायचे, मुख्य काम तेच. मासिकं चांगली का वाईट, आपल्या देशात असं मासिक का निघत नाही, रॉकेट चंद्रावर जाईल का. शेवटचा विषय चेष्टेचा नव्हता बरं का, ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी, म्हणजे अंतराळप्रवासाचा ध्यास घेतलेली संस्था, १९३३ ला लिव्हरपूलमध्ये निघाली होती आणि तिच्यात नि फॅन मंडळींत बरीच माणसं तीच होती. ननीटन गावच्या मॉरिस हॅन्सननी ‘नोव्हे तेरे’ हे फॅनझीन, म्हणजे फॅननी स्वतः काढलेलं मासिक, चालवलं होतं, सायक्लोस्टाइलवर काढलेलं, ते लीड्सला ठरलेल्या सायन्स फिक्शन असोसिएशनचं मुखपत्र झालं. पुढे ते कार्नेलकडे आलं, त्यांनी नाव बदलून ‘न्यू वर्ल्ड्स’ केलं, आणि युद्धानंतर १९४६ ला त्याच नावाचं खरंखुरं, विकत मिळणारं मासिक निघालं. तीनच अंकांत प्रकाशक बुडाला. तर ह्या फॅन लोकांनी आपापल्या खिशातून पैसे घालून स्वतःची कंपनी काढली आणि १९४९ ला मासिक पुन्हा उभं केलं! मासिक बंद पडलं की हळहळणारे वाचक पुष्कळ, वर्गणी काढून कंपनी काढणारे मी तरी दुसरे बघितले नाहीत.

हे सगळं शिजलं लंडनच्या फेटर लेनमधल्या व्हाइट हॉर्स पबमध्ये. दर गुरुवारी संध्याकाळी अड्डा, जॉन विंडहॅमसारखे लेखकही तिथेच. युद्धानंतरचं पहिलं मोठं संमेलन, १९४८ चं व्हिटकॉन, ह्याच पबमध्ये झालं. क्लार्कनी पुढे पबातल्या गप्पांच्या कथा लिहिल्या त्यात नाव केलं व्हाइट हार्ट, हार्ट म्हणजे हरीण, तेव्हा घोड्याचं हरीण झालं. १९५३ ला पबचा मालक हॅटन गार्डनच्या ग्लोब पबमध्ये गेला तर ही अख्खी टोळी त्याच्या मागोमाग तिकडे. जागेपेक्षा माणूस महत्त्वाचा, आणि उधारीही असेल, काय सांगावं!

प्रश्न : मग ब्रिटनमधलं फॅन संमेलन दरवर्षी ईस्टरलाच का भरतं?
– तेच वाचक

उत्तर : आधी व्हिटसनच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत भरायचं, ईस्टरला आलं ते १९५५ पासून, केटरिंग गावच्या जॉर्ज हॉटेलात. कारण साधं आहे, गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे सलग चार दिवस सुट्टी, कोणाला रजा मागायला नको. केटरिंगलाच १९५८ मध्ये ब्रिटिश सायन्स फिक्शन असोसिएशन ही वेगळी संस्था निघाली, कारण दरवर्षी तेच ते चेहरे दिसायला लागले होते, नवीन पोरं येईनात. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९५७ ला, लंडनमध्ये वर्ल्डकॉन, म्हणजे जागतिक सायन्स फिक्शन संमेलन, झालं होतं, उत्तर अमेरिकेबाहेरचं पहिलंच, आणि हजेरी होती २६८. लीड्सच्या हॉलमध्ये तेवढ्या खुर्च्या तरी होत्या का देव जाणे.