कार्बन कुठे बसलाय, ते आधी विचार

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली, सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. डीपी 780 चा पत्रा, म्हणजे मऊ आणि कडक अशा दोन घटकांचं (ड्युअल फेज), 780 मेगापास्कल ताकदीचं स्टील. भोक पाडून त्याची कड वळवताना कडेलाच तडे. सप्लायरचं टेस्ट सर्टिफिकेट पास, टूलरूम म्हणते डाय ड्रॉइंगप्रमाणे आहे, आणि या दोघांच्या मधे तू. चाकणच्या पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये हा वाद नवा नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील, हे आधी लक्षात घे. सर्टिफिकेटवरचे आकडे टेन्साइल टेस्टचे, म्हणजे तुकडा तुटेपर्यंत खेचून पाहण्याचे, आहेत. त्या तुकड्याची कड मशीन करून गुळगुळीत केलेली असते आणि तो सगळीकडून सारखा ताणला जातो. तुझ्या पार्टची कड पंचने तोडलेली आहे आणि सगळा ताण त्या कडेवरच येतोय. प्रश्न एक आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचं, असं तिथे चाललं आहे.

या जातीच्या कुठल्याही पत्र्याबद्दल गोंधळ झाला की मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो. यातला कार्बन आत्ता कुठे आहे, आणि तिथे तो कसा पोचला? तूही ही सवय लावून घे. ग्रेडची नावं दर वर्षी वाढत जातील, हा प्रश्न बदलणार नाही.

तुझ्याच पत्र्यावर करून बघू. समज, त्यात कार्बन सगळा मिळून 0.1 टक्का आहे. ॲनिलिंग लाइनवर (पत्रा तापवून मग थंड करायची लाइन) हा पत्रा अशा तापमानाला नेतात, जिथे लोखंडाची दोन स्फटिकरूपं, फेराइट आणि ऑस्टेनाइट, एकत्र नांदतात, म्हणजे साधारण 750 ते 820 अंश सेल्सिअस. फेराइटमध्ये कार्बनला जागा नसते, जास्तीत जास्त 0.02 टक्के. मग तो सगळा ऑस्टेनाइटमध्ये शिरतो. ऑस्टेनाइट निम्मं असेल तर त्यात कार्बन 0.2 टक्क्यांच्या आसपास जातो. लाइन थोडी थंड चालली आणि ऑस्टेनाइट 30 टक्केच झालं, तर तोच कार्बन तेवढ्याशा जागेत कोंबला जाऊन 0.3 च्या वर जातो. पुढे पत्रा झटकन थंड केला की या ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट, म्हणजे कडक रूप, होतं. मार्टेन्साइट किती कडक, हे जवळजवळ पूर्णपणे त्यातल्या कार्बनवर ठरतं. म्हणजे एका कॉइलमध्ये (पत्र्याच्या गुंडाळीत) पुष्कळ पण बेताचं कडक मार्टेन्साइट, दुसरीत थोडं पण फार कडक. दोन्ही 780 देऊ शकतात. सर्टिफिकेटवर दोघी जुळ्या बहिणी दिसतील, कडेवर मात्र एक टिकेल आणि दुसरी फाटेल.

फाटण्याचं कारण या कडकपणातल्या फरकात आहे. मऊ भातात खडा लागावा, तसं फेराइटमध्ये ते मार्टेन्साइट बसलेलं असतं. पंच पत्रा तोडतो तेव्हा कडेजवळचे कण वाकून लांबट होतात, फेराइट वाहतं, मार्टेन्साइट हटत नाही, आणि दोघांच्या सीमेवर बारीक पोकळ्या पडतात. वळवायला घेण्याआधीच ती कड अर्धी जखमी असते. वळवताना या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात, आणि तुला तडा दिसतो.

हाच फरक डीपीचा गुणही आहे, तेव्हा त्याला नुसता दोष देऊ नकोस. मार्टेन्साइट होताना आकारमान 3-4 टक्क्यांनी वाढतं. आजूबाजूच्या फेराइटला ते रेटतं आणि तिथे मोकळी, हलायला तयार डिस्लोकेशन्स (स्फटिकरचनेतले रेषेसारखे दोष) निर्माण होतात. म्हणून डीपीच्या टेन्साइल आलेखात यील्डचा (पत्रा कायमचा ताणला जायला लागतो त्या जागेचा) टप्पा दिसत नाही, वक्र गोलसर वर चढतो, आणि सुरुवातीलाच पत्रा भराभर कडक होत जातो. खोल ड्रॉ करताना हे हवंच असतं. पुढे पेंटच्या भट्टीत 170 अंशांना 20 मिनिटं गेली की उरलासुरला कार्बन त्या डिस्लोकेशन्सपाशी जाऊन त्यांना जखडतो आणि यील्ड आणखी वाढतं. तुमच्याकडे आलेल्या एखाद्या कॉइलच्या आलेखात यील्डपाशी ठळक कोपरा दिसला, तर तिथेच थांब. कार्बनने ते काम भट्टीआधीच, लाइनवर किंवा गोदामात, उरकलेलं असण्याची शक्यता आहे.

आता सप्लायरला विचारायचं ते. पत्रा झिंकचा आहे का, आणि कुठल्या लाइनवरून आला? झिंकचं भांडं सुमारे 460 अंशांवर असतं. पत्रा तिथून जाताना ऑस्टेनाइटला बेनाइट (मार्टेन्साइटपेक्षा मऊ रूप) व्हायला वेळ मिळतो. तो मिळू नये म्हणून रसायनात मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम वाढवावं लागतं. झिंक नसलेल्या लाइनवर पाण्याने किंवा जोरदार गॅसने थंड करता येत असेल, तर कमी मिश्रधातूंत काम भागतं. तेव्हा नाव एक, ताकद एक, पण दोन लाइनवरचे पत्रे आतून वेगळे. 'स्पेकमध्ये आहे' एवढंच उत्तर आलं तर ते मान्य करू नकोस. ॲनिलिंगचं तापमान, थंड करायचा दर आणि मायक्रोस्ट्रक्चरचा फोटो नम्रपणे, पण लेखी माग.

आणि तुमच्या लॅबमध्ये स्वतः बघ. पॉलिश केलेल्या तुकड्यावर आतली रचना उठवायला नायटल या नेहमीच्या द्रावणावर समाधान मानू नकोस, लेपेरा वापर: एक टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटचं पाण्यातलं द्रावण आणि चार टक्के पिक्रिक ॲसिडचं अल्कोहोलमधलं द्रावण, सम प्रमाणात, ऐनवेळी मिसळून. मार्टेन्साइट पांढरं उठतं, बेनाइट काळपट, फेराइट तपकिरी. पिक्रिक ॲसिड कधीही सुकू देऊ नकोस, सुकलं की ते स्फोटक होतं. बाटलीचं झाकण आणि त्याचे आटे पुसून ठेवायची जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची नाही. फोटो पत्र्याच्या पृष्ठभागाचा नको, जाडीतला काढ. मधोमध पांढऱ्या रेघा ओळीने दिसल्या, तर ते ओतकामात मधे साचलेलं मँगनीज आहे. अशा पट्ट्यांच्या बाजूने तडा आरामात धावतो.

टूलरूमलाही सोडायचं नाही. पंच-डायमधली फट किती आहे, धार किती स्ट्रोकनंतर लावतात, आणि भोकाची बर (तोडताना कडेला उरलेली धारदार कोर) वळवताना कुठल्या बाजूला येते, ते बघ. बर वळवणाऱ्या पंचच्या बाजूला ठेवली तर ती जखमी कड कमी ताणली जाते. ब्लँक उलटा घालून हे जमणार असेल तर आजच करून बघ, त्याला पैसे लागत नाहीत. पुढे ग्रेड बदलायची वेळ आलीच, तर कॉम्प्लेक्स फेज स्टीलचा विचार कर. त्यात बेनाइट आणि टेम्पर झालेलं (उष्णतेने थोडं मऊ पडलेलं) मार्टेन्साइट असतं, कडक-मऊ यांतली दरी कमी असते. सर्टिफिकेटवर त्याचं इलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबीवाढ) डीपीपेक्षा कमी दिसेल आणि परचेसवाले घाबरतील. त्यांना भोक फुलवायच्या चाचणीचा, म्हणजे आयएसओ 16630 चा, आकडा दाखव: 10 मिलिमीटरचं भोक, 60 अंशांचा शंकू, आणि पहिला आरपार तडा जाईपर्यंत भोक किती टक्के मोठं झालं त्याची मोजणी.

ट्रिप स्टीलबद्दल (ताणलं की ज्याच्या आतलं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होतं ते स्टील) विचारलं आहेस, आणि मला त्याबद्दल बोलायला फार आवडतं. तिथे कार्बनकडून अगदी निराळं काम करून घेतात. रसायन साधारण 0.2 कार्बन, 1.5 मँगनीज, 1.5 सिलिकॉन. ॲनिलिंगनंतर पत्रा 400 अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबवतात. तिथे बेनाइट होताना कार्बन बाहेर ढकलला जातो. एरवी त्याचं सिमेंटाइट (लोखंड आणि कार्बनचं संयुग) झालं असतं, पण सिमेंटाइट सिलिकॉनला सामावून घेत नाही, म्हणून ते अडतं, आणि कार्बन उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये जमत जातो. अँड्र्यूजचं 1965 चं सूत्र घे: मार्टेन्साइट सुरू होण्याचं तापमान म्हणजे 539 वजा कार्बनच्या टक्क्याची 423 पट, वजा मँगनीजच्या टक्क्याची 30.4 पट. 0.2 कार्बनला ते 409 अंश येतं. कार्बन 1.2 पर्यंत पोचला की शून्याखाली 14. सूत्र एवढ्या कार्बनसाठी बांधलेलं नाही, पण दिशा कळते: ते ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानाला तसंच टिकतं. मग पत्रा जिथे बारीक व्हायला लागतो, नेमकं तिथलं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट बनून ती जागा बळकट करतं, आणि ताण शेजारी सरकतो. मला आजही हे विलक्षण वाटतं. धातूने स्वतःची कमकुवत जागा स्वतः सावरायची!

याची किंमतही आहे. ॲनिलिंगमध्ये सिलिकॉनचं ऑक्साइड पृष्ठभागावर येतं आणि झिंक नीट चिकटत नाही, म्हणून त्याच्याऐवजी काही भाग ॲल्युमिनियम वापरतात. ऑस्टेनाइट फार अस्थिर असेल तर प्रेसमध्येच संपून जातं, अपघातासाठी काही उरत नाही. फार स्थिर असेल तर बदलतच नाही. ते मोजताना सॅम्पल शेवटी इलेक्ट्रोपॉलिश कर. नुसतं घासून पॉलिश केलंस तर घासण्यानेच वरच्या थरातलं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होतं, आणि एक्स-रे तुला कमी आकडा दाखवेल.

हॉट स्टॅम्पिंगचं थोडक्यात सांगतो, कारण ती लाइन तुमच्याकडे यायची आहे. 22एमएनबी5 या बोरॉन स्टीलमध्ये कार्बनला कुठेच जाऊ द्यायचं नसतं. सगळा पत्रा 900 अंशांच्या वर ऑस्टेनाइट करायचा, लालबुंद असतानाच डायमध्ये दाबायचा, आणि तिथेच सेकंदाला 27 अंशांपेक्षा वेगाने थंड करायचा. मूळ पत्रा 600 मेगापास्कलच्या आसपासचा, निघणारा पार्ट 1500 चा. हे तंत्र स्वीडनचं. 1984 मध्ये साब 9000 च्या दारांतल्या बीममध्ये ते पहिल्यांदा गाडीत आलं. पार्टवर कुठे मऊ जागा सापडली तर पत्र्याला दोष द्यायच्या आधी तिथे डाय खरोखर टेकते का ते बघ. आणि इतक्या ताकदीला हायड्रोजनचं भय असतं. पार्ट आज धडधाकट दिसतो आणि दोन दिवसांनी रॅकवर पडल्या पडल्या तडकतो. हायड्रोजन भट्टीतल्या ओलाव्यातून येतो, म्हणून तिथल्या हवेचा दवबिंदू (ओलाव्याचं माप) रोज लिहून ठेवायला लावशील.

एम.टेक.चं विचारलं आहेस. जरूर कर, पण शॉप सोडायची घाई करू नकोस. जे पार्ट फाटताना तू हाताळते आहेस, ते पुढे लॅबमध्ये बसून मिळणार नाहीत. प्रबंधाला विषय हवा असेल तर एक सुचवतो. अपघातात पत्रा मिलिसेकंदांत चेपतो, आतली उष्णता बाहेर पडायला वेळ नसतो, तापमान चढतं, आणि गरम झालेलं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट व्हायला नाखूश होतं. मग सावकाश खेचलेल्या टेन्साइल टेस्टवरून आपण जे गृहीत धरतो, त्यातलं किती अपघातात उरतं? सुरुवातीला मोठं यंत्र लागत नाही. ट्रिपचे दोन तुकडे घे, एक सावकाश आणि एक तुमच्या यंत्राला झेपेल तेवढ्या वेगाने खेच. दोघांनाही मधोमध एक थर्मोकपल लाव. बारीक होण्याच्या आधी, दोन्ही सारख्याच लांबीवाढीवर थांबव, आणि मग उरलेलं ऑस्टेनाइट मोज.

कळावे.