एसीचं पॅनल घरी बदलता येईल का?

प्रश्न : दादा, आमची गाडी अकरा वर्षांची आहे, जुळे सोलापुरात घरासमोर दिवसभर उन्हातच उभी असते. महिनाभर झालं एसीचं बटण तीन-चारदा दाबलं तरच लागतंय, आणि पंखा एक-दोन-तीनवर गप्प, डायरेक्ट चारवरच सुटतो. गॅरेजवाले म्हणतात अख्खं पॅनल बदला. मी आणि मुलगा मिळून घरीच बदललं तर चालेल का, गॅस तर जाणार नाही ना?

उत्तर : ताई, गॅसची काळजी सोडा, तो पाईपात असतो, पॅनलमागं नुसत्या वायरी आणि केबल. पण पॅनल घ्यायच्या आधी थांबा, कारण तुमच्या गाडीत मला दोन वेगळे बिघाड दिसतायत. पंखा फक्त चारवर चालतो म्हणजे बहुतेक वेळा ब्लोअरचा, म्हणजे एसीच्या पंख्याचा, रेझिस्टर (करंट कमी करून पंखा हळू ठेवणारा पार्ट) जळालेला असतो, चारवर करंट रेझिस्टरला वगळून सरळ मोटरला जातो म्हणून तेवढाच स्पीड उरतो. हा पार्ट पॅनलपेक्षा बराच स्वस्त, बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागं ब्लोअरपाशी मिळतो. तो आधी बदला. नाहीतर नवीन पॅनल बसवूनही पंखा तसाच राहील आणि पैसे गेले याचं वाईट वाटेल.

बटण मात्र पॅनलचंच दुखणं, त्यासाठी पॅनल काढावंच लागेल. जुन्याच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर जुळला तरच नवीन घ्या, मॉडेल एकच असलं तरी कनेक्टर वेगळा निघतो.

काम सकाळी सावलीत करा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो, त्यात वर्षानुवर्षं तापून प्लास्टिक कडक झालेलं असतं, स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं की क्लिप तुटलीच समजा, म्हणून प्लास्टिकची पट्टी वापरा आणि कडेला मास्किंग टेप लावा. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका. कनेक्टर काढताना वायर ओढू नका, लॉक दाबून काढा.

आता खरी नाजूक जागा. टेंपरेचरच्या नॉबला पोलादी केबल जोडलेली असते आणि तिचं बाहेरचं कव्हर एका छोट्या क्लिपनं धरलेलं असतं. काढायच्या आधी नॉब पूर्ण थंडवर न्या, फोटो काढा, आणि बसवताना नवीन नॉबही पूर्ण थंडवरच ठेवून केबल अडकवा. कव्हर अगदी दोन-तीन मिलिमीटर जरी पुढंमागं बसलं की आतली झडप पूर्ण बंद होत नाही, गरम हवा मिसळत राहते आणि माणूस गॅस कमी झाला म्हणून उगाच भरून आणतो. म्हणून डॅशबोर्ड बंद करायच्या आधीच कनेक्टर आणि बॅटरी परत जोडून, इंजिन चालू करून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, दोन्हीकडं मोकळा जाऊन थांबला पाहिजे. मधेच अडला तर जोर लावू नका, क्लिप सोडून परत बसवा.