आम्ही दोघं फारसं शिकलेलो नाही, मग मुलगा हुशार होईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघंही दहावीच्या पुढे गेला नाहीत, मुलगा दोन वर्षांचा आहे आणि सासरची माणसं ‘खाण तशी माती’ म्हणतात. मी बावीस वर्षं बालवाडीत शिकवलं, म्हणून लिहायला बसले.

बुद्धी रक्तातून येते, हे खोटं नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या थॉमस बूशार्ड यांनी 1979 पासून लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी तपासली. त्यांच्या बुद्ध्यांकातल्या फरकापैकी सुमारे 70 टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. पण याचा अर्थ तुमच्या मुलाची 70 टक्के बुद्धी तुमच्याकडून आली, असा नाही. तो माणसामाणसांतल्या फरकाचा हिशेब आहे, आणि त्यातली बहुतेक जुळी खाऊनपिऊन सुखी घरांत वाढली होती. सगळं एकाच कसदार वावरात पेरलं, तर रोपांतला फरक बियाण्याचाच दिसणार. 2003 मध्ये एरिक टर्कहायमर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्याच सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास मांडला, त्यात बरीच गरीब घरांतली होती. अशा घरांत आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ शून्यावर आला आणि घरच्या परिस्थितीचा सुमारे 60 टक्के झाला.

आणि दहावीवरून बुद्धी ठरवू नका. तुमची शाळा का सुटली, हे तुम्हालाच ठाऊक. किती बायकांची धाकटी भावंडं सांभाळण्यात सुटली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्याकडे एक मुलगी होती, साडेतीन वर्षांची, पहिले चार महिने तोंडातून अक्षर नाही. आई भाजी विकायची. म्हणाली, “बाई, मी अडाणी, मी काय शिकवणार?” मी म्हटलं, मेथी निवडताना तिला शेजारी बसवा आणि जे करताय ते नुसतं बोला. ‘ही काडी जून, मोडत नाही, टाकून दे. हे पान पिवळं.’ दिवाळीनंतर ती मुलगी बालवाडीत चिंचोके घेऊन बसली, आपणहून मोठे-बारीक वेगळे केले आणि मला म्हणाली, “हा किडका, टाकू?” शब्द आईचेच होते.

तुम्हीही हेच करा. मोबाइल हातात देऊन गप्प बसवू नका. त्याने ‘का’ विचारलं तर उत्तर द्या. येत नसेल तर ‘चल, बघूया’ म्हणा. मीठ आयोडीनयुक्तच आणा. पुन्हा दिवस गेले तर हे मीठ आणि लोहाच्या गोळ्या अजिबात चुकवू नका, पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावर घडतो. अंगणवाडीत वजन-उंची करून घ्या.

एक गोष्ट विचारायची राहिली. पाठमोरा असताना हाक मारली तर तो वळतो का? वळत नसेल तर सासरचं काही ऐकत बसू नका, आधी कान तपासून घ्या.