नाकात तेल चालतं, मग लशीचा थेंब का नाही?

ताई, तीन महिन्यांचं बाळ आरएसव्हीमुळे, म्हणजे तान्ह्यांच्या छातीत उतरणाऱ्या श्वासाच्या विषाणूमुळे, चार दिवस ऑक्सिजनवर राहून घरी आलंय आणि तुम्ही विचारताय, कोविडची नाकातली लस निघाली तर तान्ह्यांना आरएसव्हीची तशी का नाही? सासूबाई म्हणतात, अंघोळीला नाकात तेल घालतोच, तसाच लशीचा थेंब. इथंच सोलापुरात बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. हा विषाणू शिरतो नाकातूनच. सुईच्या लशीनं रक्तात प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी प्रथिनं) येतात, पण नाकाच्या ओल्या अस्तरावर पहारा फारसा बसत नाही. पोलिओचे थेंब आतड्यात जे करतात, ते या लशीनं नाकात करायचं. शिवाय गर्भात आईकडून मिळालेली प्रतिपिंडं सुईच्या लशीला जेवढी आडवी येतात, तेवढी नाकातल्या जिवंत, म्हणजे अशक्त केलेल्या विषाणूच्या, लशीला येत नाहीत.

अडतं ते बाळाच्या नाकातच. पहिले काही महिने ते जवळजवळ नाकानंच श्वास घेतं. जिवंत लशीतला विषाणू फार अशक्त केला तर शरीर त्याची दखल घेत नाही, पुरेसा अशक्त केला नाही तर नाक चोंदतं आणि बाळाला दूध ओढता येत नाही. फ्लूची नाकातली लस अमेरिकेत २००३ पासून आहे, पण दोन वर्षांखालच्यांना देत नाहीत, कारण चाचण्यांत लहानग्यांची छाती जास्त घरघरलेली दिसली. भारत बायोटेकची कोविडची नाकातली लस, इन्कोव्हॅक, तर १८ वर्षांवरच्यांसाठीच.

आणि १९६६ विसरता येत नाही. अमेरिकेत फॉर्मेलिननं मारलेल्या आरएसव्हीची सुई बाळांना दिली. पुढे खरा विषाणू आल्यावर लस घेतलेल्या बाधित बाळांपैकी सुमारे ८० टक्के दवाखान्यात गेली, दोन दगावली. वॉर्डात धाप लागलेली बाळं पाहिलेल्या मला हे वाचून झोप लागली नव्हती. अशक्त विषाणूच्या नाकातल्या लशींत तसा प्रकार आढळलेला नाही, पण संशोधक एकेक पायरी जपून चढतात ते यामुळे. मला ते पटतं.

आरएसव्हीपासून बचावाला सध्या आहे ते तयार प्रतिपिंडाचं इंजेक्शन, जसं निर्सेव्हिमॅब. युरोपात २०२२ ला, अमेरिकेत २०२३ ला मंजूर झालं. गर्भवतीला द्यायची लसही २०२३ चीच. तुमच्या बाळासाठी काय करता येईल ते डॉक्टरांना नक्की विचारा, कारण आरएसव्ही एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही.

सासूबाईंना मात्र प्रेमानं सांगा, नाकात तेल आजपासून बंद. ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नाक चोंदलं तर पाजायच्या आधी सलाइनचे थेंब घाला. शेक-शेगडीची धुरीही नको. पुढच्या खोलीत यंत्रमाग आहे म्हणता, तर बाळाला मागच्या खोलीत ठेवा. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत यंदा नेऊ नका, सिद्धेश्वर समजून घेईल.

बाळ शांत झोपलं की अंगडं वर करून पोटाकडे बघा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात ५० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडला, नाकपुड्या फुलल्या किंवा दूध सोडलं, तर 'डबा झालाय' (बाळाच्या न्यूमोनियाला म्हणतात तो) म्हणून बिब्बा-चटके करत बसू नका, रात्र असली तरी निघा. आज रात्रीच एकदा मोजा. बरं असतानाचा त्याचा आकडा तुम्हाला पाठ हवा.