व्हील कॅप खडखडतेय? आधी ती काढून गाडी चालवा

पाऊस उघडला आणि खड्ड्यांतून गाड्या फिरू लागल्या की जुन्या गाडीवाल्यांची एकच तक्रार येते: चाकाची कॅप वाजते, काय लावू? सोबत कुणीतरी सांगितलेला उपायही असतो: फोम, सिलिकॉन, चिकटपट्टी. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

पद्मिनीच्या चार कॅपपैकी कोणती वाजते हे कसं ओळखायचं? (चिपळूण)

चारही काढून घरी ठेवा; डिकीत ठेवल्या तर तिथे वाजतील. त्याच खराब रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर जाऊन या. आवाज गेला तर एकेक कॅप बसवून बघा. आवाज राहिला तर कॅपचा काही संबंध नाही, मेकॅनिककडे जा.

गाडी अगदी हळू असताना टकटक येते, वेग घेतला की बंद होते. कॅप बदलू का? (दापोली)

नको. कॅप काढून झटका, बहुधा खडा निघेल. ताशी 10-15 किलोमीटरच्या पुढे तो फिरत्या कॅपच्या कडेला दाबून राहतो, म्हणून आवाज थांबतो. खडा निघाला नाही तर पुढचं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

अँबॅसेडरच्या मागच्या डाव्या चाकातून तीन महिने कट-कट येतेय. टायरवाला म्हणतो, जुन्या गाडीत एवढं चालायचंच, कॅपच्या कडेने सिलिकॉन भरून टाका. भरू का? (राजापूर)

भरू नका. आणि तीन महिने फार झाले, आता ही गाडी चाक तपासल्याशिवाय बाहेर काढू नका.

कॅपच्या आड चाकाचे नट असतात आणि सैल नटाचा आवाज बाहेरून थेट कॅपसारखाच येतो. गाडी सुटताना, ब्रेक दाबताना किंवा वळताना एकेक 'कट' येत असेल तर पहिला संशय नटावर घ्यायचा. नट ढिला झाला की चाक दर फेरीला ड्रमवर (रिम ज्याला टेकते त्या ब्रेकच्या लोखंडी भागावर) किंचित सरकतं. रिमचं भोक लांबट होत जातं, स्टड (नट ज्यावर आवळतो तो बोल्ट) वाकतो, मग तुटतो. एक तुटला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो. घाटात चाक निखळतं ते असं, आणि त्याआधी ते बरेच दिवस वाजत असतं. तो आवाज दाबून टाकायचा सल्ला कुणी देऊच कसा शकतो?

कॅप काढून नटाचं बूड नीट बघा. तिथून बाहेरच्या बाजूला तांबूस-काळ्या रेघा फुटल्या असतील तर ती घासलेल्या धातूची पूड आहे. आपल्याकडे जांभ्याची माती त्याच रंगाची असल्याने माणूस फसतो. ओलं फडकं फिरवा. माती सगळ्या रिमवर सारखी बसलेली असते आणि पुसली जाते. या रेघा नटापासूनच निघतात आणि पुसल्यावर खालचा रंग खरवडलेला दिसतो.

रेघा दिसल्या तर नुसतं आवळून भागत नाही. चाक उतरवून भोकं आणि स्टड तपासायचे, रिम-ड्रमच्या बैठकीवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा. गंज किंवा रंगाचा जाड थर मध्ये राहिला तर तो दबतो आणि आवळलेला नट पुन्हा ढिला पडतो. नटाची निमुळती बाजू रिमकडे, समोरासमोरचे नट आळीपाळीने, शेवटची आवळणी चाक जमिनीवर टेकवून, टॉर्क पान्ह्याने (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्ह्याने), गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतकी. पान्ह्यावर उभं राहणं नको आणि एअर गनवर सोडून देणंही नको. दोन्हींत आटे ताणले जातात. 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. भोक लांबट झालेली रिम भंगारात जाते. वेल्डिंगने भरून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना ती देऊ नका.

नट घट्ट असूनही कटकट असेल तर बेअरिंगपासून ब्रेकच्या स्प्रिंगपर्यंत बरंच काही असू शकतं. ते चांगल्या मेकॅनिकने चाक उचलून, हलवूनच ठरवायचं.

नट ठीक आहेत, मोठ्या लोखंडी कॅपच हलतात. रिमला धरून ठेवणारे कॅपचे दात सैल झालेत. घरी जमेल का? (मालवण)

जमेल. कॅप स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, कड वाकते आणि खडखड तिथूनच सुरू होते. चपट्या टॉमीला (उचकटायच्या लोखंडी दांडीला) फडकं गुंडाळा आणि दोन-तीन ठिकाणांहून थोडं थोडं उचला. कॅप आणि रिम धुऊन कोरडी करा. खारी हवा असेल तिथे दातांच्या मुळाशी गंज हमखास सापडतो. मुळाशी चीर दिसली तर तो दात गेला, त्याला वाकवू नका.

बाकीचे दात पकडीने एकाआड एक, फक्त मिलिमीटरभर बाहेर वाकवा आणि बसवून बघा. गरम अजिबात करू नका, दाताचा स्प्रिंगपणा मेला की परत येत नाही. कॅप हाताच्या दाबाने अलगद बसली तर अजून सैल आहे. तळव्याचे किंवा रबरी हातोडीचे चार ठोके लागले पाहिजेत. व्हॉल्व्ह भोकाच्या बरोबर मध्ये यायला हवा. तो कडेला घासला तर वाजतोच, शिवाय कापला जाऊन हवा सुटते.

तरी बारीक किणकिण राहिली तर रिमवर जिथे कड टेकते तिथे सात-आठ ठिकाणी सिलिकॉनचे मसुराएवढे ठिपके द्या, 24 तास सुकू द्या, *मगच* कॅप बसवा. ठिपक्यांनी धक्का झेलायचा आहे, कॅप चिकटवायची नाही. ट्यूब 'न्यूट्रल क्युअर' बघून घ्या. आंबट वासाच्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसेटिक आम्ल सुटतं आणि लोखंड गंजतं. चिकटपट्टी लावू नका. आंबा घाट उतरून साखरप्याला पोचेपर्यंत ड्रम तापतात आणि तिचा गोंद पातळ होऊन सरकतो. फोम तर पाणी धरून ठेवतो.

रिमच चेपलेली असेल तर यातलं काही टिकणार नाही. आधी रिमवाल्याला दाखवा.

विक्रेता म्हणतो, चुंबक चिकटलं म्हणजे तुमची कॅप स्टेनलेस नाही, नवी घ्या. खरं का? (अलिबाग)

खोटं. गाड्यांच्या कॅप आणि पट्ट्यांना वापरलं जाणारं 430 जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. 'कंपनी पॅक' म्हणून अँबॅसेडरच्या कॅप विकणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारा: गाडीचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, मग हा ताजा माल कुठून आला? पैसे देण्याआधी चारही कॅप आपल्या रिमवर बसवून बघा.

जुन्याच कॅपला प्लेटिंग (धातूचा चकचकीत मुलामा) करून घेणार असाल तर रिमला धरणाऱ्या, सुटणाऱ्या क्लिपा आधी काढून ठेवा. प्लेटिंगच्या प्रक्रियेत हायड्रोजन शिरून स्प्रिंग स्टील ठिसूळ होतं. क्लिपा सुटत नसतील तर प्लेटिंगवाल्याशी आधीच बोला, लगेच भट्टीत तापवून तो हायड्रोजन काढावा लागतो.

मारुती 800 च्या प्लास्टिक कॅपना केबल टाय लावले तर? (गुहागर)

चालतील, पण आधी मागची तारेची रिंग बघा. तिचा वाकवलेला खाचेचा भाग व्हॉल्व्हपाशी यावा लागतो. टाय लावलेत तर कटर गाडीत ठेवा, नाहीतर पंक्चरच्या वेळी चाक उघडणार नाही.

पावसाळ्यात कॅप काढून ठेवाव्यात का? (रत्नागिरी)

गरज नाही. महिन्यातून एकदा काढून धुवा, आणि कॅप हातात असेपर्यंत नटांवर पान्हा फिरवून घ्या.