जर्मनीत शिकताना रुळायचं कसं, आणि नोकरी कधीपासून शोधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही खानापूरकडचे, बेळगावात मेकॅनिकल केलंत, आता जर्मनीत मास्टर्सचं दुसरं सेमिस्टर चालू आहे. अर्जांना उत्तरं येत नाहीत, मन लागत नाही. मग आधी रुळून घ्यावं, अभ्यास सांभाळावा आणि नोकरीचं शेवटच्या सेमिस्टरला बघावं का?

नाही, तेवढं थांबू नका. मी बेळगावचाच, याच वाटेने आलो आणि आता इथल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, नोकरी करतो. माझं मत ठाम आहे: रुळणं आणि नोकरी शोधणं ही इथे दोन वेगळी कामं नाहीत. मला हा देश वर्गात बसून कळला नाही, होस्टेलच्या खोलीत तर नाहीच नाही. वेर्कष्टुडंट, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थी, म्हणून कारखान्यात जायला लागलो तेव्हा कळला. जेवणाच्या वेळी वाटेत भेटेल त्याला 'मालत्साइट' (दुपारच्या जेवणाचा नमस्कारच तो) म्हणायचं, नऊच्या मीटिंगला पाच मिनिटं आधी जागेवर असायचं, समजलं नाही तर मान न डोलावता तिथल्या तिथे विचारायचं. हे कुठल्या पुस्तकातून अंगी येत नाही. माणसांत गेलो तसं मनही लागलं.

नियम तुम्हाला माहीत असतील, तरी सांगतो. मार्च २०२४ पासून आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. वेर्कष्टुडंटला सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात; त्यातून खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा गेला की हातात फार उरत नाही, म्हणून बहुतेक जण गोदामात किंवा हॉटेलात काम धरतात. त्यात कमीपणा काही नाही. पण एका सेमिस्टरच्या वर तिथे अडकू नका. तेवढेच तास तुमच्या विषयातल्या कामाला दिलेत, तर उद्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असेल.

आता अर्जांचं. बेळगावच्या पोरांचे सीव्ही मी अधूनमधून बघतो. जवळजवळ प्रत्येकाने उद्यमबाग किंवा मच्छे या तिथल्या औद्योगिक भागांत कुठेतरी इंटर्नशिप केलेली असते आणि ती सीव्हीत एका ओळीत उरकलेली असते: 'फाउंड्रीत सहा आठवडे ट्रेनिंग'. खाली सॉफ्टवेअरची लांबलचक यादी. सॉफ्टवेअर सगळ्यांनाच येतं हो! बेळगावात ओतकाम, मशीनिंग, हायड्रॉलिक्स एकाच शहरात बघायला मिळतं, ते सगळ्यांच्या नशिबी नसतं.

माझ्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, मोल्डिंगची, म्हणजे ओतकामाचा साचा करायची, वाळू ठीक आहे की नाही हे कसं ओळखता? प्रयोगशाळेतल्या चाचण्या मी सांगितल्याच: ओलावा, दाब सोसण्याची ताकद, हवा आरपार जाण्याची क्षमता. मग आमच्याकडचे जुने मोल्डर काय करतात तेही सांगितलं. मूठभर वाळू घेऊन घट्ट दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, हाताला वाळू चिकटता कामा नये, आणि गोळा मधोमध मोडला तर कडा न ढासळता मोडला पाहिजे. ओलावा जास्त झाला तर ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये भोकं पडतात; कमी झाला तर मोल्डच्या कडा झडतात. साहेब खुर्चीतून पुढे सरकले आणि त्यानंतरची सगळी मुलाखत त्या वाळूवरच झाली. त्यांच्या कारखान्यात सगळं यंत्रावर मोजतात, पण मूठ दाबून बघणारी माणसं तिथेही आहेत. म्हणून सांगतो, ती एक ओळ उघडून लिहा. कुठला धातू, कुठलं काम, रिजेक्शन कशामुळे होत होतं आणि तुम्ही त्यात काय पाहिलंत.

त्याबरोबर ज्या कारखान्यात शिकलात तिथून लेटरहेडवर सविस्तर पत्र मागवून घ्या. 'वर्तणूक चांगली होती' एवढं नको. काय काय काम केलं ते मुद्देसूद हवं. इथे नोकरी सोडताना मालक असं प्रमाणपत्र देतो आणि पुढचा मालक ते बारकाईने वाचतो. आपल्याकडे मालक ओळखीचे असतात, फोन केला तर नाही म्हणत नाहीत. मात्र अर्जाला उत्तर यायला इथे महिना-दीड महिना सहज लागतो. तेवढ्यावरून नाराज होऊ नका.

भाषेबद्दल एकच सांगतो. कोर्स इंग्रजीत असला तरी शॉपफ्लोअर जर्मनच बोलतो. जर्मनची बी-वन ही मधली पातळी झाल्याशिवाय छोट्या कारखान्यांची दारं उघडत नाहीत, आणि कामं खरी तिथेच असतात. तुम्ही म्हणाल, येत नाही, चुकतं. अहो, आपण कन्नड कसं शिकलो? घरात मराठी, शाळेत मराठी, आणि रविवार पेठेत किंवा बसमध्ये 'एष्टु री?' (किती हो?) करत करत. व्याकरण कोण विचारत होतं? समोरचा हसला तरी सामान घेऊनच घरी आलो. जर्मनही तशीच बोलायला लागा, बेकरीपासून सुरुवात करा.

दुसरी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. इथल्या मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, तशी कन्नड मंडळीही एकत्र येतात. तुम्ही दोन्हीकडे जा. गणपतीला मराठी मंडळात जाल तेव्हा कुणीतरी विचारेलच, 'बेळगाव म्हणजे कर्नाटक ना, मग मराठी कसं काय?' त्या प्रश्नाने आत कुठेतरी टोचतं, मला आजही टोचतं. पण म्हणून कन्नड लोकांपासून लांब राहण्यात काही अर्थ नाही. बेंगळुरूहून आलेले कितीतरी इंजिनियर इथल्या गाड्यांच्या कंपन्यांत वर्षानुवर्षं आहेत. मोडक्या कन्नडमध्ये दोन वाक्यं बोललात की आपुलकीने जवळ घेतात. मला पहिलं काम अशाच एका हुबळीच्या सीनियरने सांगितलं. सीमेवर वाढल्यामुळे दोन घरं मिळाली आहेत, त्यातलं एक स्वतःहून बंद करू नका.

थंडीचं फार मनाला लावून घेऊ नका. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा दुपारचं ऊन असताना बाहेर पडून या आणि रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच बाजार करून ठेवा.

राहिलं घरचं. 'लागली का नोकरी?' हा प्रश्न दर फोनला येतो, कारण कर्ज त्यांच्या डोक्यावर आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी शोधायला इथे १८ महिन्यांपर्यंत राहण्याचा परवाना मिळतो. विद्यार्थी परवाना संपायच्या आत त्यासाठी अर्ज करा. बँकेची हप्ता न भरण्याची सवलत मात्र त्याआधीच संपू शकते, बहुतेक कर्जांत कोर्सनंतर सहा महिने ते वर्षभरच असते. म्हणजे नोकरी लागण्याआधी हप्ता सुरू होण्याची शक्यता धरून चाला आणि वेर्कष्टुडंटच्या पगारातून थोडं बाजूला ठेवा. तुमच्या कर्जाचा हप्ता नेमका कुठल्या महिन्यापासून सुरू होतो, हे बाबांना याच आठवड्यात शाखेत जाऊन लेखी विचारून घ्यायला सांगा. पतसंस्थेतून वेगळं कर्ज काढलं असेल तर त्याचंही विचारा, कारण तिथे अशी सवलत बहुधा नसते.